सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची : कराबाखच्या वादाबद्दल एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी आर्मेनियात, येरेवानला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. ती ज्यांच्याकडे भाड्यानं राहते त्या बाई कराबाखच्या, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतल्या पण आर्मेनियन वस्तीच्या डोंगराळ प्रदेशातल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये घरदार सोडून आलेल्या. मुलीनं फोनवर विचारलं, "आई, लाखभर माणसांचा प्रदेश आठवड्याभरात रिकामा कसा होतो गं?" इकडे ताईंचे दीर अझरबैजानच्या राजधानीची, बाकूची, सहल करून आलेत आणि त्यांचं म्हणणं ठाम आहे, की जमीन अझरबैजानचीच होती, त्यांनी ती परत घेतली, विषय संपला. ताई विचारतात : खरं कोणाचं? आणि माझी मुलगी तिथे सुरक्षित आहे ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. येरेवान शहरावर २०२० च्या मोठ्या युद्धातसुद्धा हल्ला झाला नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये जेरमुक, गोरिस, वार्देनिस या सीमेजवळच्या भागांवर तोफांचा मारा झाला, दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून दोनशेहून जास्त सैनिक गेले. पण राजधानीला झळ लागली नाही. आता तर दोन्ही देश शांतता कराराच्या उंबरठ्यावर आहेत. मुलीला एवढंच सांगा : भारतीय दूतावासात नाव नोंदवून ठेव, स्यूनिक आणि तावुश या सीमेलगतच्या प्रांतांत सहलीला जायचं तर मैत्रिणींबरोबर आणि कॉलेजात सांगून जा, सीमेवरच्या चौक्यांचे फोटो काढू नकोस. बाकी तिथली माणसं परक्या मुलींची फार काळजी घेतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

आता मूळ प्रश्न. मी सुरुवातीची नऊ वर्षं साताऱ्याला दिवाणी कोर्टात जमिनीचे दावे चालवले. नंतर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला, आणि युद्धात बेपत्ता झालेल्या माणसांच्या नोंदी करण्याच्या कामासाठी दोनदा दक्षिण कॉकेशसमध्ये राहिलो, एकदा बाकूच्या बाजूला आणि एकदा आर्मेनियाच्या. त्यामुळे हे प्रकरण मला आधी कोर्टातल्या भाषेतच सुचतं. सातबारा अझरबैजानच्या नावावर होता, वहिवाट आर्मेनियन लोकांची होती. तुमचे दीर सातबारा बघून बोलतात, घरमालकीणबाई वहिवाटीतून बोलतात. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण या वादात प्रत्येक पक्षाच्या हाती कधी ना कधी जोर आला, आणि ज्याच्या हाती जोर आला त्यानं त्या वेळी तडजोड नाकारली. मला सगळ्यात जास्त सलतं ते हे.

आधी जागा समजून घ्या. कराबाख म्हणजे तुर्की-फारसी शब्दांत 'काळी बाग'; 'नागोर्नो' हा रशियन शब्द, डोंगराळ या अर्थाचा. आर्मेनियन लोक त्याला आर्त्साख म्हणतात. सोविएत काळातला स्वायत्त प्रांत जेमतेम ४,४०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या अर्ध्याहूनही लहान. राजधानी एकच, नावं दोन : आर्मेनियन स्तेपानाकेर्त म्हणतात, अझरबैजानी खानकेंदी. तिच्या डोक्यावर कड्यावर वसलेलं शुशा, आर्मेनियनमध्ये शुशी. गावाचं नाव कोणतं घेता यावरूनच समोरचा तुम्हाला एका बाजूला टाकतो. मुलीनं हे लक्षात ठेवावं.

इतिहासात कोण आधी, यात मी फार शिरत नाही. तिथे गान्झासारसारखे तेराव्या शतकातले आर्मेनियन मठ आहेत, आणि शुशा हे गाव अठराव्या शतकाच्या मध्यात कराबाखच्या मुस्लिम खानानं वसवलेलं आहे, अझरबैजानी संगीताचं माहेरघर मानलं जातं. खणायला गेलात तर दोघांनाही आपापले दगड सापडतात. दिवाणी कोर्टात पणजोबांच्या गोष्टी सांगणारे दोन्ही पक्षकार मी खूप पाहिले. निकाल त्या गोष्टींवर लागत नाही.

खरी गाठ १९२१ ची आहे. रशियन क्रांतीनंतर आर्मेनिया आणि अझरबैजान दोन्ही बोल्शेविकांच्या, म्हणजे रशियन कम्युनिस्टांच्या, हाती आले. ४ जुलै १९२१ ला पक्षाच्या कॉकेशस ब्युरोनं ठरवलं की कराबाख आर्मेनियाला द्यायचा. दुसऱ्याच दिवशी, ५ जुलैला, निर्णय फिरला : अझरबैजानमध्येच ठेवायचा, पण व्यापक स्वायत्तता देऊन. १९२३ मध्ये स्वायत्त प्रांत झाला. लोकसंख्येत आर्मेनियन १९२६ मध्ये ८९ टक्के होते, १९७९ पर्यंत ७६ टक्क्यांवर आले. शेजारच्या, अझरबैजानच्याच पण आर्मेनियापलीकडे तुटून राहिलेल्या नाखिचेवानमध्ये तर सोविएत काळात आर्मेनियन वस्ती जवळजवळ संपलीच. ते पाहून कराबाखच्या लोकांच्या पोटात भीती बसली, की उद्या आपलंही असंच होणार.

इथे जरा थांबतो, कारण वर्गात मी दर वर्षी हाच मुद्दा सांगायचो. त्याच १९२१ च्या जूनमध्ये, म्हणजे कॉकेशस ब्युरोच्या बैठकीच्या काही दिवस आधी, राष्ट्रसंघापुढे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेपुढे, अगदी असाच खटला निकाली निघाला होता. बाल्टिक समुद्रातली आलांड बेटं. माणसं स्वीडिश बोलणारी, त्यांना स्वीडनमध्ये जायचं होतं, आणि बेटं फिनलंडची. राष्ट्रसंघानं सार्वभौमत्व फिनलंडला दिलं. पण स्वीडिश भाषा, तिथल्या जमिनीची खरेदी, स्थानिक कारभार यांना पक्की हमी लिहून घेतली, आणि बेटांवर लष्कर ठेवायचं नाही असं बजावलं. आज शंभर वर्षांनंतर आलांडवरून कोणी बंदूक उचलत नाही. कराबाखलाही सार्वभौमत्व एकाचं आणि स्वायत्तता दुसऱ्याची, असंच दिलं होतं. फरक हमीचा होता. आलांडची हमी कायद्यात होती, तिच्यावर बाहेरच्यांची नजर होती आणि फिनलंडनं ती मनापासून पाळली. कराबाखची हमी मॉस्कोच्या मर्जीवर होती. शाळेची पुस्तकं, टीव्हीवरचे कार्यक्रम, रस्ते, नोकऱ्या, सगळ्याचा निर्णय बाकूत व्हायचा आणि तक्रार मॉस्कोला जायची. मॉस्को दुबळं झालं त्या दिवशी हमी गेली.

तो दिवस १९८८ मध्ये आला. २० फेब्रुवारीला कराबाखच्या प्रांतिक सोविएतनं, म्हणजे तिथल्या प्रतिनिधिसभेनं, ठराव केला, आम्हाला आर्मेनियाला जोडा. आज आपण 'फुटीरतावादी चळवळ' म्हणतो तिची सुरुवात अशी अर्ज-विनंत्यांनी झाली, हे विसरू नये. येरेवानच्या चौकात लाखो लोक जमले. घोषणा होती 'मियात्सुम', म्हणजे एकीकरण. स्वातंत्र्याची मागणी नंतरची. आठवड्याच्या आत, २७ ते २९ फेब्रुवारीला, बाकूजवळच्या सुमगाइत शहरात आर्मेनियन वस्त्यांवर जमाव तुटून पडला. सरकारी आकडा ३२ मृतांचा. त्या तीन दिवसांनंतर अर्ज-विनंत्यांना अर्थ उरला नाही. पुढच्या दोन वर्षांत अझरबैजानमधून साडेतीन लाखांच्या आसपास आर्मेनियन बाहेर पडले आणि आर्मेनियातून दोन लाखांच्या आसपास अझरबैजानी. पिढ्यान् पिढ्यांचे शेजारी. काहींनी तर आपापसात घरांची अदलाबदल केली, तुझं बाकूतलं मला, माझं येरेवानमधलं तुला. मधेच ७ डिसेंबर १९८८ ला स्पिताकचा भूकंप झाला, २५,००० माणसं गेली. त्या दुःखानंही वैर थांबलं नाही.

सोविएत संघ मोडला तेव्हा कायद्याचा पेच उभा राहिला, आणि ताई, तुमच्या दिरांचा मुद्दा इथे येतो. नियम असा : मोठं राज्य फुटलं की आतल्या घटक राज्यांच्या सीमा आंतरराष्ट्रीय सीमा होतात, जशा असतील तशा. म्हणजे वाटणीच्या दिवशी सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याची जमीन. या नियमानं कराबाख अझरबैजानचं. आर्मेनियन बाजूचं उत्तर होतं, एप्रिल १९९० च्या सोविएत कायद्यानुसार एखादं गणराज्य बाहेर पडताना त्यातल्या स्वायत्त प्रांताला वेगळा कौल देता येतो. त्याच आधारावर त्यांनी १० डिसेंबर १९९१ ला सार्वमत घेतलं. अझरबैजानी रहिवाशांनी बहिष्कार टाकला. बाकूनं त्याच्या दोन आठवडे आधी, २६ नोव्हेंबरला, स्वायत्त प्रांतच रद्द केला होता. माझं मत विचाराल तर आर्मेनियन युक्तिवाद पोकळ नव्हता, पण जगातल्या कुठल्याही महत्त्वाच्या न्यायपीठानं किंवा सरकारनं तो स्वीकारला नाही. तीस वर्षांत खुद्द आर्मेनियानंही कराबाखला देश म्हणून औपचारिक मान्यता दिली नाही. भारतानं तर कधीच नाही. आपण स्वतः प्रादेशिक अखंडतेवर उभे आहोत.

मग युद्ध. २५-२६ फेब्रुवारी १९९२ च्या रात्री खोजाली गावातून पळणाऱ्या अझरबैजानी नागरिकांवर आर्मेनियन फौजांनी गोळ्या घातल्या. बाकूचा आकडा ६१३ मृतांचा. स्वतंत्र संस्थांचे आकडे कमी आहेत, पण बायका-मुलं मारली गेली याबद्दल वाद नाही. मे महिन्यात शुशा पडलं, मग लाचिन. १९९३ मध्ये केल्बाजार, आग्दाम, फिझुली, जेब्राइल, कुबातली, झांगिलान. नीट बघा, शुशा सोडलं तर यांतला एकही जिल्हा मूळ स्वायत्त प्रांतातला नव्हता. तिथे आर्मेनियन जवळजवळ राहतच नव्हते. प्रांताभोवतीचे सात जिल्हे सुरक्षेच्या नावाखाली, काही पूर्ण आणि काही अर्धेमुर्धे, घेतले आणि तिथली सुमारे पाच लाख माणसं दीडेक वर्षात निर्वासित झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १९९३ या एका वर्षात चार ठराव केले, ८२२, ८५३, ८७४ आणि ८८४, व्यापलेले जिल्हे सोडा म्हणून. १२ मे १९९४ ला शस्त्रसंधी झाली तेव्हा तीस हजारांच्या आसपास माणसं मेली होती आणि अझरबैजानचा जवळपास १४ टक्के भूभाग आर्मेनियन ताब्यात होता.

इथून पुढची सव्वीस वर्षं माझ्या मते या वादाचा गाभा आहेत.

आपल्याकडे गावोगाव एक समज आहे : बारा वर्षं वहिवाट केली की जमीन आपली. कायद्यात त्याला अटी आहेत, पण समज पक्का. आर्मेनियन नेतृत्वाच्या मनात तोच समज घर करून बसला. जितका काळ जाईल तितकी जमीन आपली होईल, जग कंटाळेल, बाकू विसरेल. आंतरराष्ट्रीय कायद्यात बंदुकीच्या जोरावरची वहिवाट मालकी देत नाही, बारा वर्षांनी नाही आणि सव्वीस वर्षांनीही नाही. पहिल्या राष्ट्राध्यक्षांना, लेव्हॉन तेर-पेत्रोस्यान यांना, हे कळलं होतं. ते स्वतः कराबाख चळवळीतूनच पुढे आलेले. १९९७ मध्ये त्यांनी लेख लिहून आपल्याच लोकांना सांगितलं, सात जिल्हे परत देऊ, शांतता घेऊ, वेळ आपल्या बाजूची नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्यानंतरची वीस वर्षं आर्मेनियाचे राष्ट्राध्यक्षपद रॉबर्ट कोचार्यान आणि सेर्झ सार्गस्यान यांच्याकडे होतं, आणि दोघंही कराबाखचेच. ज्या चळवळीनं देशाकडे आसरा मागितला, तिच्यातल्याच माणसांनी देश चालवला. तडजोडीचं नाव काढणं म्हणजे गद्दारी, अशी हवा झाली.

बोलणी चालूच होती. मध्यस्थी करणारा देशांचा मिन्स्क गट, त्याचे सहअध्यक्ष अमेरिका, रशिया आणि फ्रान्स. २००७ ची माद्रिद तत्त्वं माझ्या मते चांगली होती : जिल्हे परत द्यायचे, कराबाखला तात्पुरता दर्जा आणि आर्मेनियाशी जोडणारा रस्ता, निर्वासितांना परतण्याचा हक्क, आणि अंतिम दर्जा पुढे लोकांच्या कौलानं. २०११ मध्ये रशियातल्या कझानला सही होईल असं वाटलं, झाली नाही. दोन्ही नेत्यांना आपापल्या घरी जाऊन हे सांगण्याची हिंमत नव्हती.

मी बाकूच्या बाजूला होतो तो काळ याच्या मधला. विद्यार्थ्यांच्या एका जुन्या वसतिगृहात आग्दामची कुटुंबं राहत होती, एका खोलीत एक कुटुंब, मजल्यावर एक स्वयंपाकघर. बेपत्ता मुलाची नोंद करायला मी एका आजोबांकडे गेलो. अझरबैजानच्या बाजूला पहिल्या युद्धातले जवळपास चार हजार लोक बेपत्ता आहेत. आजोबांनी मुलाबद्दल दहा मिनिटं सांगितलं आणि मग तासभर बागेबद्दल. तुतीची झाडं किती, पाट कुठून यायचा, शेजाऱ्याशी पाण्याच्या पाळीवरून झालेली भांडणं. पाण्याच्या पाळीवरून भांडणारी माणसं मला नवी नव्हती, कोरेगाव-खटावकडची निम्मी प्रकरणं तीच. आजोबांना ठाऊक नव्हतं, किंवा मान्य नव्हतं, की आग्दाम शहर उरलंच नव्हतं. घरांचे दगड, पत्रे, पाइप काढून नेले होते. उभी होती ती मशीद.

घरमालकीणबाईंच्या दुःखाआधी हे दुःख वीस-पंचवीस वर्षं कोणाला दिसलं नाही. येरेवानमध्ये कोणी त्याबद्दल बोलायचं नाही. आर्मेनियन मित्रांना मी हे तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो.

या काळात बाकूकडे तेलाचा पैसा आला. २००६ मध्ये तुर्कस्तानपर्यंतची तेलवाहिनी सुरू झाली, आणि काही वर्षांत अझरबैजानचा संरक्षणखर्च आर्मेनियाच्या संपूर्ण अर्थसंकल्पाच्या पुढे गेला. पैशाबरोबर द्वेषही पोसला गेला. २००४ मध्ये बुडापेस्टला एका प्रशिक्षण वर्गात अझरबैजानी अधिकाऱ्यानं झोपलेल्या आर्मेनियन अधिकाऱ्याला कुऱ्हाडीनं मारलं. हंगेरीत त्याला जन्मठेप झाली. २०१२ मध्ये त्याला मायदेशी पाठवलं, तर त्याच दिवशी माफी मिळाली आणि वर बढती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१८ च्या क्रांतीनंतर आर्मेनियात पंतप्रधान म्हणून निकोल पाशिन्यान आले. लोकांना वाटलं, नवा माणूस, नवी वाट. ऑगस्ट २०१९ मध्ये ते स्तेपानाकेर्तच्या चौकात उभे राहून म्हणाले, आर्त्साख म्हणजे आर्मेनिया, पूर्णविराम. बाकूनं ते ऐकलं आणि बोलणी संपली असं धरलं. २७ सप्टेंबर २०२० ला युद्ध सुरू झालं, ४४ दिवस चाललं. तुर्की बायराक्तार आणि इस्रायली हारोप ड्रोननी सोविएत काळातले रणगाडे आणि तोफा वेचून मारल्या. दोन्हीकडचे मिळून सात हजारांच्या आसपास सैनिक गेले, बहुतेक अठरा-वीस वर्षांची पोरं. शुशा पडल्यावर १० नोव्हेंबरला रशियाच्या मध्यस्थीनं लढाई थांबली. सात जिल्हे गेले, कराबाखचाही भाग गेला. केल्बाजार सोडताना आर्मेनियन कुटुंबांनी स्वतःची घरं पेटवली, काहींनी आप्तांच्या कबरी उकरून हाडं बरोबर नेली. उरलेल्या कराबाखच्या रक्षणाला १,९६० रशियन शांतिसैनिक आणि आर्मेनियाला जोडणारा पाच किलोमीटर रुंदीचा लाचिन मार्ग.

आता जोर अझरबैजानच्या हाती होता, आणि माझी तक्रार आता त्यांच्याकडे वळते. जिंकलेल्यानं उदार व्हायची हीच वेळ होती. सातबारा सिद्ध झाला होता, जिल्हे परत आले होते. उरलेल्या आर्मेनियन वस्तीला आलांडसारखी हमी दिली असती तर जगानं डोक्यावर घेतलं असतं. पूर्वी बाकू 'सर्वोच्च स्वायत्तता' देऊ म्हणायचं, जिंकल्यावर तो शब्दच मागे घेतला. २०२१ मध्ये बाकूत युद्धातल्या लुटीचं उद्यान उघडलं, त्यात आर्मेनियन सैनिकांचे विद्रूप पुतळे आणि मेलेल्यांची शिरस्त्राणं मांडली. ती पुढे काढली, पण कराबाखच्या लोकांनी ती पाहिली होती. कुऱ्हाडीच्या खुन्याला बढती देणारं सरकार आपल्याला नागरिक म्हणून कसं वागवेल, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर त्यांना डिसेंबर २०२२ मध्ये मिळालं.

१२ डिसेंबरला लाचिन मार्गावर 'पर्यावरण कार्यकर्ते' येऊन बसले. रस्ता बंद. २२ फेब्रुवारी २०२३ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं अझरबैजानला आदेश दिला, की या रस्त्यानं माणसं, वाहनं आणि माल विनाअडथळा जाऊ द्या. एप्रिलमध्ये त्याच रस्त्यावर अधिकृत तपासणी नाका उभा राहिला. उन्हाळ्यापर्यंत रेड क्रॉसच्या गाड्याही अडू लागल्या. इंधन नाही, औषध नाही, पावासाठी रात्री रांगा. रशियन शांतिसैनिक बघत उभे. रशिया युक्रेनमध्ये गुंतला होता, आणि बाकू-अंकाराशी, म्हणजे अझरबैजान-तुर्कस्तानशी, बिघडवायची त्याची तयारी नव्हती. खुद्द पाशिन्यान यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रागला एकमेकांची प्रादेशिक अखंडता मान्य केली होती, म्हणजे कराबाखवरचा हात सोडला होता. मग १९ सप्टेंबर २०२३ ला हल्ला झाला आणि चोवीस तासांत कराबाखच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. २४ तारखेपासून माणसं निघाली. २५ ला इंधनाच्या रांगेजवळ साठ्याचा स्फोट होऊन दोनशेवर माणसं होरपळून मेली, आणि उरलेली तरीही निघाली. आठवड्यात एक लाखाहून जास्त.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, ताई. प्रदेश आठवड्यात रिकामा झाला नाही. तो नऊ महिन्यांत रिकामा केला गेला, शेवटचा आठवडा फक्त डोळ्यांना दिसला.

बाकू म्हणतं, आम्ही कोणाला हाकललं नाही, आपणहून गेले. साताऱ्याला माझ्याकडे एक कूळ आलं होतं. मालकानं विहिरीवर कुलूप लावलं, शेताची वाट अडवली, आणि वर्षानं कोर्टात सांगितलं की कुळानं जमीन आपखुशीनं सोडली. न्यायाधीशांनी ते मान्य केलं नव्हतं. मीही करत नाही. मालकी खरी असली तरी तिच्यातून माणसांची भाकरी बंद करण्याचा हक्क निघत नाही. तुमच्या दिरांना माझं एवढंच सांगणं आहे.

दुसऱ्यांदा मी गेलो ते गोरिसला, त्या गर्दीनंतर काही आठवड्यांनी. स्तेपानाकेर्तहून गोरिस एरवी दोनेक तासांचा रस्ता. लोकांना तीस-तीस तास लागले होते. एका शाळेच्या व्यायामशाळेत एक बाई गादीवर बसून पीठ मळत होत्या. तिकडे रानातल्या दहा-बारा पालेभाज्या बारीक चिरून पातळ भाकरीत भरतात, झिंग्यालोव हात्स म्हणतात. भाज्या येरेवानच्या बाजारातल्या होत्या, त्यांना त्या पसंत नव्हत्या. मला खाऊ घालताना त्या माफी मागत होत्या, की आमच्या डोंगरातली पानं नाहीत ही. मला बाकूचे आजोबा आठवले. दोघांची गावं एकमेकांपासून पन्नास किलोमीटरच्या आत.

आपल्याकडे या वादाकडे पाकिस्तानच्या चष्म्यातून पाहायची सवय लागली आहे. कारणं आहेत. अझरबैजान, तुर्कस्तान आणि पाकिस्तान एकमेकांचे सख्खे. मे २०२५ मध्ये बाकूनं पाकिस्तानची बाजू घेतल्यावर आपल्याकडच्या सहलींची बुकिंग रद्द झाली. आर्मेनियानं भारताकडून स्वाती रडार घेतले, २०२२ मध्ये पिनाका रॉकेट घेतली. पिनाका पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेत जन्मलेली, त्यामुळे आपल्याला अभिमान वाटतो, तो मलाही वाटतो. पण खोजालीत मेलेली मुलं पाकिस्तानची नव्हती. आणि देशांची समीकरणं बदलतात : ज्या पाकिस्ताननं दशकानुदशकं आर्मेनियाला देश म्हणून मान्यता दिली नव्हती, त्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्याशी राजनैतिक संबंध सुरू केले.

त्याच महिन्यात, ८ ऑगस्टला, वॉशिंग्टनमध्ये आर्मेनिया आणि अझरबैजानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली. स्यूनिकमधून नाखिचेवानला जोडणारा रस्ता अमेरिकेच्या सहभागानं बांधायचं ठरलं. अंतिम सहीआधी बाकूची अट आहे, की आर्मेनियानं राज्यघटना बदलावी, कारण तिच्या प्रास्ताविकात उल्लेख असलेल्या १९९० च्या जाहीरनाम्यात कराबाखशी एकीकरणाचा संदर्भ आहे. पाशिन्यान यांच्यावर देशात गद्दारीचे आरोप झाले, तरी २०२४ मध्ये त्यांनी तावुशमधली चार गावं परत दिली आणि सीमा आखायला सुरुवात केली. हे धैर्याचं काम आहे. वीस वर्षं उशिरा झालं, पण झालं. मला टोचतं ते हे, की त्या मसुद्यात निघून आलेल्या लाखभर माणसांच्या परतण्याबद्दल काही नाही. कराबाखचे माजी नेते बाकूच्या तुरुंगात गेले, त्यांच्यावर खटले चालले. बोलणी दोन देशांची झाली, आणि ज्यांच्यावरून झाली ती माणसं टेबलावर नव्हती. १९२१ मध्येही नव्हती.

एक गोष्ट मात्र मला आशा देते. जून २०२१ मध्ये आर्मेनियानं आग्दाम जिल्ह्यातल्या ९७,००० सुरुंगांचे नकाशे दिले आणि अझरबैजाननं पंधरा युद्धकैदी सोडले. दोन्हीकडच्या आयांना त्या व्यवहारातून मुलं परत मिळाली, कोणाची तुरुंगातून आणि कोणाची शेतातल्या सुरुंगावर पाय पडण्याआधी. असे छोटे व्यवहार होत राहिले तर दहा-पंधरा वर्षांनी परतण्याचा किंवा भरपाईचा विषय निघू शकतो. सायप्रसमध्ये, बोस्नियात असे दावे ऐकणाऱ्या समित्या प्रत्यक्ष झाल्या आहेत.

म्हणून मुलीला एक काम सांगा. घरमालकीणबाईंना 'खरं कोणाचं' हे समजावायला जाऊ नकोस म्हणावं. त्या मनमोकळं बोलतील तेव्हा ऐक, आणि गावाचं नाव त्या घेतात तसंच घे. मग एखाद्या निवांत दुपारी विचार, की घराचे काही कागद आणलेत का. घराचं मालकीपत्र, विजेची किंवा गॅसची बिलं, अंगणात काढलेले फोटो, मुलांचे शाळेचे दाखले, सोविएत काळातला पासपोर्ट, काहीही. घाईत निघालेली माणसं कागद आणतात पण पिशवीतच ठेवतात, ओल लागते, फाटतात. ते सगळे फोनवर नीट स्कॅन करून दोन ठिकाणी जपून ठेवायला त्यांना मदत कर. शेजारी कोण होते, बांध कुठून कुठे, विहीर कोणाच्या हद्दीत, हे त्यांच्याच तोंडून लिहून घे, तारीख घाल, त्यांची सही घे. बाकूच्या त्या आजोबांकडे असे कागद एका बिस्किटाच्या डब्यात होते. त्यांनी ते मला दाखवले, परत घडी घालून ठेवले आणि डबा पलंगाखाली सरकवला.